आगाऊ पैसे, उशिराची ध्वनिमुद्रिका

वस्तू अजून जन्माला आलेली नाही आणि तिची पूर्ण किंमत मात्र घेणाऱ्याने चुकती केलेली आहे, अशा व्यवहाराला काय म्हणावे? ही खरेदी नव्हे, कारण हातात काही पडलेले नाही. ही देणगी नव्हे, कारण देणाऱ्याने मोबदला मागितलेला आहे. कर्ज म्हणावे, तर कागद नाही, व्याज नाही, आणि मुदत मोडली तर दंडही नाही. अमेरिकेत आणि युरोपात ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या असंख्य लहान कंपन्या आज याच व्यवहारावर जगत आहेत. आगाऊ नोंदणी हे त्याचे नाव. मराठी वाचकाला तो अपरिचित नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरून ग्रंथाची वाट पाहणे त्याने केलेले आहे. वर्षाची वर्गणी भरून चार अंकांऐवजी दोनच अंक हाती पडणेही त्याने सोसलेले आहे.

या आगाऊ नोंदणीचा माल वेळेवर न आल्याने ग्राहकांत जो संताप निर्माण होतो, त्याची कारणे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वरवर पाहता हा शौकिनांचा किरकोळ तंटा वाटेल. पंचवीस-तीस डॉलरच्या तबकडीसाठी एवढा आरडाओरडा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्यांनी लहान संस्था चालविल्या आहेत, ज्यांनी लोकांच्या वर्गणीवर काही उभे केले आहे, त्यांना या तंट्यात आपल्याही प्रश्नांची ओळख पटेल.

१

प्रथम लहान कंपनी म्हणजे काय ते पाहू. जगातल्या ध्वनिमुद्रणाचा मोठा हिस्सा युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन कंपन्यांच्या हाती आहे. त्यांना जे विकण्यासारखे वाटत नाही ते लहान कंपन्या काढतात. एखाद्या गावातल्या चर्चच्या गायकवृंदाचे पन्नास वर्षांपूर्वीचे मुद्रण, एखाद्या विस्मृत कृष्णवर्णीय गायकाची गाणी, एखाद्या जुन्या चित्रपटाचे पार्श्वसंगीत, ज्याचे श्रोते सगळ्या जगात मिळून हजार भरणार नाहीत असे प्रायोगिक वादन, हा त्यांचा माल. कंपनी म्हणजे पुष्कळदा एकच माणूस असतो. दिवसा नोकरी करायची आणि रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर खोकी बांधायची, असा त्याचा दिनक्रम.

या माणसाजवळ भांडवल नसते. ध्वनिमुद्रिकेचा खर्च तर आधीच करावा लागतो. मूळ तबकडी कोरून घेणे, तिच्यावरून धातूचे साचे करणे, वेष्टने छापणे हे खर्च ३०० प्रती काढल्या काय किंवा ३००० काढल्या काय, फारसे बदलत नाहीत. म्हणून प्रती जितक्या थोड्या तितकी दर प्रत महाग. कारखाना काम हाती घेतानाच पैसे मागतो. बँक अशा माणसाला उभे करीत नाही. मग उरतो तो श्रोता. समजा, ५०० प्रती काढायच्या आहेत आणि प्रत २५ डॉलरला आहे. निम्म्या प्रतींचे पैसे जरी आगाऊ मिळाले तरी ६,२५० डॉलर हाती येतात आणि काम सुरू होते. अर्थात ग्राहक हा येथे नुसता ग्राहक राहत नाही. तो त्या कंपनीचा बिनव्याजी आणि बिनकागदी सावकार होतो.

आपल्याकडे 'उचल' हा शब्द आहे. ऊसतोडणीला जाणारा मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि त्या उचलीने हंगामभर बांधला जातो. घेणारा बांधला जातो, हा तिथला नियम. आगाऊ नोंदणीत उचल घेणारी कंपनी आहे, पण बांधला जातो तो देणारा. पैसे देऊन झाल्यावर त्याच्या हाती वाट पाहण्याखेरीज काही उरत नाही.

२

उशीर का होतो हे समजण्यासाठी तबकडी कशी तयार होते ते माहीत असले पाहिजे. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर नायट्रोसेल्युलोजच्या लाखेसारख्या द्रव्याचा लेप दिलेला असतो. त्या मऊ लेपावर सुईने आवाजाची चरी कोरतात. मग त्यावर चांदीचा पातळ थर देऊन विजेच्या साहाय्याने निकेल चढवितात. निकेलचा हा थर सोलून काढला की उलटी प्रतिमा मिळते. तिला कारखान्याच्या भाषेत 'बाप' म्हणतात. बापावरून 'आई' आणि आईवरून दाबण्याचे साचे काढतात. एक साचा साधारण हजारभर प्रती देतो. पहिल्या काही प्रती नमुना म्हणून कंपनीकडे जातात. त्या ऐकून तिने मान्यता दिली तरच पुढचे काम होते. चरीत खरखर आढळली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या सगळ्याला आठवडे लागतात. खुद्द तबकडी दाबायला मात्र अर्धा मिनिट पुरतो.

तेव्हा घोडे पेंड खाते ते यंत्राच्या वेगाशी नव्हे, यंत्रापुढच्या रांगेत. सन २०२० पूर्वी अशा कामाला सर्वसाधारणपणे दोन-तीन महिने लागत. २०२१ आणि २०२२ साली हीच मुदत आठ महिने, वर्ष, कधी त्याहूनही अधिक झाली. त्यामागची कारणे ठळक आहेत.

लेप दिलेल्या कोऱ्या तबकड्या पुरविणाऱ्या कंपन्या जगात दोनच उरल्या होत्या. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथील अपोलो मास्टर्स हा कारखाना ६ फेब्रुवारी २०२० रोजी आगीत जळून गेला. जीवितहानी झाली नाही, पण जगाला या मालासाठी जपानमधील एमडीसी या एकाच कंपनीच्या तोंडाकडे पाहावे लागले. तांब्यावर थेट कोरण्याची दुसरी पद्धत आहे, परंतु तिची यंत्रे मोजक्याच ठिकाणी आहेत. त्याच वर्षी जानेवारीत लॉस एंजेलिसमधील रेनबो रेकॉर्ड्स हा ऐंशी वर्षांचा जुना कारखाना बंद झाला होता. त्यावर महामारी आली. कामगार घरी बसले, जहाजे अडकली. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये हिमवादळ होऊन तेथील रसायन कारखाने बंद पडले आणि ज्या प्लॅस्टिकपासून तबकडी होते त्या पीव्हीसीचा भाव कडाडला.

पुरवठा असा आटत असताना मागणी मात्र वाढत होती. सन २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विकल्या गेल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. तबकड्यांची संख्या सीडीहून अधिक होण्याची १९८७ नंतरची ही पहिली वेळ. मेलेली म्हणून जी वस्तू टाकून दिली होती ती उठून बसली, आणि तिला दाबायला यंत्रे पुरेनात.

३

येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. रांग सर्वांनाच असते, मग त्रास लहानांनाच अधिक का?

सीडी आल्यावर मोठ्या कंपन्यांनी आपले तबकड्यांचे कारखाने बंद केले किंवा विकून टाकले. सोनीने जपानमध्ये १९८९ साली तबकड्या काढणे थांबविले ते २०१८ पर्यंत. मधल्या काळात हा धंदा कोणी जिवंत ठेवला? जुनी यंत्रे तेल घालून चालू ठेवणाऱ्या काही स्वतंत्र कारखान्यांनी आणि त्यांना थोडे थोडे काम देत राहिलेल्या लहान कंपन्यांनी. वस्तूला पुन्हा बाजार आला तेव्हा मोठ्या कंपन्या त्याच कारखान्यांच्या दारात आल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये अडेल या ब्रिटिश गायिकेचा '३०' हा संग्रह निघाला. त्याच्या पाच लाखांच्या आसपास तबकड्या आगाऊ दाबून घेतल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. ज्याला ३०० प्रती हव्या आहेत आणि ज्याला पाच लाख हव्या आहेत, ते दोघे एकाच दारात उभे राहिले तर दार कोणासाठी उघडेल हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. कारखानदारालाही दुष्ट ठरविण्याचे कारण नाही. साचे वारंवार बदलण्यापेक्षा एकच साचा दिवसभर चालविणे त्याला परवडते. मार्च २०२२ मध्ये जॅक व्हाइट या वादकाने तिन्ही मोठ्या कंपन्यांना जाहीर आवाहन केले की, तुम्ही आपले कारखाने पुन्हा उभारा. त्याचा स्वतःचा कारखाना २०१७ पासून डेट्रॉइटमध्ये चालू होता, म्हणून त्याच्या बोलण्याला वजन होते.

ज्याचे यंत्र त्याचे वेळापत्रक, हा या क्षेत्रातला जुना न्याय आहे. १९२१ साली न्यूयॉर्कमध्ये हॅरी पेस या कृष्णवर्णीय गृहस्थाने ब्लॅक स्वान ही ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दू बोइस तिच्या संचालकांत होते. कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या अगदी आरंभीच्या कंपन्यांत तिची गणना होते. एथेल वॉटर्सच्या तबकड्यांना त्याच वर्षी जोरात मागणी आली. पण कंपनीचा स्वतःचा कारखाना नव्हता. तबकड्या दूर विस्कॉन्सिनमध्ये, पॅरामाउंट या नावाने ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या एका खुर्च्यांच्या कंपनीच्या कारखान्यातून दाबून घ्याव्या लागत. १९२२ साली पेसने लाँग आयलंड सिटीतील एका कारखान्यात हिस्सा घेतला, परंतु तो बोजा जड झाला. त्याच वर्षी खुद्द पॅरामाउंटने कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी स्वतंत्र मालिका सुरू केली. म्हणजे जो दाबून देत होता तोच स्पर्धक झाला. १९२३ च्या अखेरीस ब्लॅक स्वान दिवाळ्यात निघाली आणि १९२४ मध्ये तिची मुद्रणे पॅरामाउंटच्या हाती गेली. गाणे, गायिका आणि श्रोता तिन्ही आपले असले, पण यंत्र दुसऱ्याचे असले, तर काय होते याचा हा धडा आहे.

४

इथपर्यंत कंपनीची बाजू झाली आणि ती खरी आहे. पण एवढ्यावर थांबलो तर ग्राहकावर अन्याय होईल. ग्राहकाच्या तक्रारी लक्षपूर्वक पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. तो उशिरावर जितका चिडतो त्याहून अधिक मौनावर चिडतो. मार्चमध्ये मिळेल असे सांगितलेली तबकडी सप्टेंबरमध्ये येते, हे तो सहन करतो. मार्च उलटला, एप्रिल उलटला, पत्राला उत्तर नाही, आणि तेवढ्यात त्याच कंपनीची नव्या तबकडीची जाहिरात येते, तिच्याही आगाऊ नोंदणीसह, तेव्हा त्याचा तोल जातो.

त्याचा हा संशय निराधार नसतो. पुष्कळ ठिकाणी नव्या नोंदणीचे पैसे जुन्या तबकडीचे बिल भागविण्यासाठी वापरले जातात. हे लबाडीनेच होते असे नाही. वेष्टनाचा खर्च वाढतो, टपालाचे दर वाढतात, आणि हाताशी असलेल्या पैशाला खोकी वेगळी नसतात. पण एकदा हे चक्र सुरू झाले की थांबत नाही. विक्री मंदावली की सगळ्यात शेवटी आलेल्या ग्राहकाच्या हाती काहीच पडत नाही. २००९ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या प्लेजम्युझिक या संस्थेचे उदाहरण बोलके आहे. श्रोत्यांकडून आगाऊ पैसे घेऊन ते कलावंतांपर्यंत पोहोचविण्याचे काम ती करीत असे. २०१८ पासून कलावंतांचे पैसे थकू लागले आणि जुलै २०१९ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने ती संस्था गुंडाळण्याचा हुकूम दिला. श्रोत्यांचे पैसे गेले, आणि काही कलावंतांनी आपल्या श्रोत्यांना दिलेला शब्द पदरमोड करून पाळला.

तक्रार करणाऱ्याला मिळणारे उत्तर ठरलेले असते. 'ही लहान कंपनी आहे. तुम्हाला संगीताविषयी प्रेम असेल तर थांबा. तुम्ही बोभाटा केला तर ती बुडेल.' हे उत्तर बहुधा दुसरे ग्राहकच देतात. येथे चळवळीतल्या वाचकाने थोडे थांबावे, कारण ही भाषा त्याने ऐकलेली आहे. हिशेब मागितला की निष्ठेवर शंका घ्यायची, प्रश्न विचारला की शत्रूला साथ दिल्याचा आरोप करायचा, ही रीत लहान संस्थांत सर्वत्र आढळते. ज्याची बांधिलकी खरी, तोच पैसे भरतो. आणि त्याच बांधिलकीचा दाखला देऊन त्याचे तोंड बंद केले जाते. मोठ्या कंपनीकडून घेतलेली वस्तू आली नाही तर माणूस पैसे परत मागून मोकळा होतो. लहान कंपनीकडे ते मागताना मात्र त्याला अपराधी वाटते. हे अपराधीपण हेच त्या कंपनीचे न दिसणारे भांडवल असते. ते खर्च करण्याचा तिला अधिकार नाही.

अर्थात ग्राहकानेही मर्यादा सोडता कामा नये. एकट्या माणसाला रात्री-अपरात्री शिव्यांची पत्रे धाडणे, त्याच्या घरच्यांना त्रास देणे, याला संताप म्हणत नाहीत, दांडगाई म्हणतात. जो जवळ आहे त्यावर हात चालतो आणि जो दूर आहे तो निसटतो, हे तर आपण रोज पाहतो. रांग ज्याने अडविली त्याचा पत्ता ग्राहकाला ठाऊक नसतो. खोके बांधणाऱ्याचा पत्ता असतो.

५

कायदा याबाबत काय म्हणतो? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ साली टपालाने माल विकणाऱ्यांसाठी एक नियम केला. पुढे दूरध्वनीवरून आणि इंटरनेटवरून होणारी विक्रीही त्यात आली. विक्रेत्याने जी मुदत जाहीर केली तिला वाजवी आधार असला पाहिजे. मुदत दिलीच नसेल तर ३० दिवसांत माल रवाना झाला पाहिजे. ते जमत नसेल तर ग्राहकाला कळविले पाहिजे आणि नोंदणी रद्द करून पूर्ण पैसे परत घेण्याची मुभा दिली पाहिजे. पहिला विलंब ३० दिवसांपर्यंतचा असेल तर ग्राहकाचे मौन ही संमती धरतात. विलंब त्याहून मोठा असेल, बेमुदत असेल किंवा दुसऱ्यांदा होत असेल, तर ग्राहकाने स्पष्ट होकार दिला पाहिजे. होकार आला नाही तर पैसे परत.

या नियमातले तत्त्व मोलाचे आहे. विलंबाला त्याने बंदी केलेली नाही. विलंबाला संमती मागितली पाहिजे, एवढेच तो म्हणतो. ज्याचे पैसे अडकले आहेत त्याला पुन्हा एकदा 'होय' किंवा 'नाही' म्हणण्याचा हक्क त्याने दिला.

पण हक्क कागदावर असणे आणि हाती येणे यांत अंतर असते. एकट्या ग्राहकाला या नियमाखाली थेट दावा लावता येत नाही. कारवाई आयोगाने करायची, आणि आयोगाच्या दृष्टीने पाचशे ग्राहकांची कंपनी नगण्य. पैसे पेपालमार्फत भरले असतील तर तक्रार नोंदविण्याची मुदत भरणा झाल्यापासून १८० दिवसांची. तबकडी मिळायची मुदतच आठ महिन्यांची असेल, तर तक्रारीचा दरवाजा माल येण्याची तारीख उगवण्यापूर्वीच बंद झालेला असतो. लांब मुदतीच्या आगाऊ नोंदणीतला सर्वांत मोठा धोका हा आहे, आणि पैसे भरताना तो फार थोड्यांच्या ध्यानी येतो.

६

मग मार्ग कोणता? आगाऊ नोंदणी बंद करा असे म्हणणे सोपे आहे, पण मग ज्यांच्याजवळ भांडवल आहे त्यांचेच संगीत निघेल. तेव्हा व्यवहार ठेवावा आणि त्याला शिस्त लावावी, हेच योग्य. नमुना-प्रत ऐकून मान्य केल्यावरच नोंदणी सुरू करावी, कारण अनिश्चिततेचा मोठा भाग तिथवर संपलेला असतो. प्रत्येक तबकडीचे पैसे वेगळे ठेवावेत. जुनी रवाना झाल्याखेरीज नवीची नोंदणी घेऊ नये, आणि घ्यावीच लागली तर कारण उघड सांगावे. तारखेऐवजी टप्पा सांगावा. कोरणे झाले, साचे झाले, नमुना आला, वेष्टने छापून झाली, असे कळले की ग्राहक स्वतःच अंदाज बांधतो. सांगण्यासारखे काही नसेल त्या महिन्यात 'या महिन्यात काही घडले नाही' एवढे तरी कळवावे. माल रवाना होईपर्यंत पैसे परत मागण्याची मुभा ठेवावी.

ग्राहकाने पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: नमुना-प्रत आली आहे का, आणि याआधीची तबकडी लोकांना पोहोचली का? भरणा केल्याची तारीख लिहून ठेवावी आणि तक्रारीची मुदत संपण्यापूर्वी एकदा चौकशी करावी. चौकशी हा द्रोह नव्हे.

आज परिस्थिती पुष्कळ निवळली आहे. नवी यंत्रे आली, नवे कारखाने उभे राहिले आणि २०२३ पासून रांगा आखूड होत गेल्या. परंतु यंत्र अजूनही लहान कंपनीच्या मालकीचे नाही आणि उद्या पुन्हा एखादा कारखाना जळाला तर तीच रांग पुन्हा लागेल. त्या दिवशी टिकेल ती कंपनी, जिच्या ग्राहकांचा तिच्या शब्दावर विश्वास आहे. मोठ्याला भांडवल तारते. लहानाजवळ शब्दाखेरीज दुसरे भांडवल नसते, म्हणून त्याने तो अधिक जपून वापरला पाहिजे. लहानपण ही मोठ्यांशी झगडताना सांगण्याची गोष्ट आहे. ज्यांनी आपल्या कमाईतले पैसे विश्वासाने पुढे केले त्यांना हिशेब नाकारण्याची सबब नव्हे.